सिंथ-पॉपचा ‘बेस्ट ऑफ’ घेताय? आधी मागचं कव्हर वाचा

तीन सीडींचा डबा होता. साठ गाणी. वर गुलाबी-निळं क्षितिज आणि चौकटींची जाळी, म्हणजे ऐंशीचं दशक म्हटलं की हल्ली जे चित्र काढतात तेच. त्या महिन्यात बाहेरचं खाणं बंद करून मी तो घेतला. घरी येऊन आधी माझं सगळ्यात लाडकं गाणं लावलं. सुरुवातीचा ठोका स्टीलच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा यायला हवा होता, तो उशीवर आपटल्यासारखा आला. मग गायक आला. माणूस तोच, पण पंचवीस वर्षांनी थोराड झालेला, वरच्या सुराला हात न लावता खालून निघून जाणारा. गाण्याचं आणि गायकाचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. चूक माझी होती. डब्याच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं.

त्यानंतर असे बरेच संग्रह घेतले, निम्मे विकून टाकले, काही भेट म्हणून दिले (ज्यांना दिले त्यांची आता माफी मागतो). तुम्ही सिंथ-पॉपकडे, म्हणजे सिंथसायझर आणि ड्रम मशीनवर बांधलेल्या पॉप संगीताकडे, नुकतेच वळला असाल, एखाद्या मालिकेत किंवा रीलवर ऐकून ‘हे काय आहे बुवा’ म्हणत इथवर आला असाल, तर पहिली खरेदी बहुधा संग्रहाचीच कराल. तेच स्वाभाविक आहे. फक्त पैसे देण्याआधी खालचं वाचा.

हाताशी काय हवं

- एक भिंग, किंवा फोनचा कॅमेरा मोठा करून. हे मी गमतीने म्हणत नाही.
- डिस्कॉग्सवर फुकटचं खातं. जगभरच्या संग्राहकांनी मिळून भरलेली ही रेकॉर्डची नोंदवही आहे. एकाच अल्बमच्या दहा देशांतल्या दहा आवृत्त्या इथे वेगवेगळ्या दिसतात.
- तारेचा बरा हेडफोन.
- वही. हव्या असलेल्या गाण्यांची यादी आणि प्रत्येकापुढे मिनिटं-सेकंद.
- ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. सहाव्या पायरीला लागेल, नसलं तरी अडत नाही.

१. गाणं नाही, रेकॉर्डिंग ठरवा

सगळी निराशा इथून सुरू होते. आपण ‘अमुक गाणं’ म्हणतो तेव्हा डोक्यात एक विशिष्ट रेकॉर्डिंग वाजत असतं. पण या संगीतात एका नावाखाली चार-चार गोष्टी असतात. सात इंची तबकडीवरचं रेडिओसाठी आटोपशीर रूप, बारा इंची तबकडीवरचं डान्स फ्लोअरसाठी ताणलेलं रूप, अल्बममधलं तिसरं, आणि पुढे कधीतरी केलेलं रीमिक्स. रॉकमध्येही हे होतं, पण तिथे फरक थोडा. इथे वाद्यं यंत्रांची, तेव्हा तुकडे कापणं, जोडणं, लांबवणं हा या कलेचाच भाग होता.

उदाहरणं घेऊ. न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ मार्च १९८३मध्ये आलं ते फक्त बारा इंची तबकडीवर, साडेसात मिनिटांचं. सुरुवातीला निव्वळ ड्रम मशीन, मग एकेक थर चढत जातो आणि गायक दोन मिनिटं उलटल्यावर येतो. संग्रहात ते चार मिनिटांचं दिसलं तर तो थर चढण्याचा भाग गेला, म्हणजे गाणंच गेलं. शिवाय १९८८मध्ये त्याचं वेगळं रीमिक्स निघालं. काही संग्रहांत तेच घातलेलं असतं.

पेट शॉप बॉईजचं ‘वेस्ट एंड गर्ल्स’ पहिल्यांदा १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या बॉबी ऑर्लँडोकडे रेकॉर्ड झालं. आपल्याला माहीत असलेलं, जानेवारी १९८६मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलेलं, ते स्टीफन हेगबरोबर १९८५मध्ये नव्याने केलेलं. पहिलं चांगलं आहे, पण ते ओलसर लंडन त्यात नाही. आ-हाच्या ‘टेक ऑन मी’चंही तसंच: १९८४चं एक, १९८५चं दुसरं, आणि पेन्सिलने काढलेल्या त्या प्रसिद्ध व्हिडिओत आहे ते दुसरं.

ह्यूमन लीगचं ‘बीइंग बॉइल्ड’ १९७८चं आहे, अगदी उघडंबोडकं, तळघरातून आल्यासारखं. १९८०मध्ये त्यांनीच ते भरगच्च करून पुन्हा केलं. दोन्ही अस्सल, दोन्ही त्यांचीच. म्हणून ‘खरं कुठलं’ यावर वेळ घालवू नका. ‘मला कुठलं हवंय’ एवढं वहीत लिहा.

२. मागच्या कव्हरवरची बारीक अक्षरं

आता भिंग काढा. शोधायच्या गोष्टी अशा:

‘रीरेकॉर्डेड’, ‘न्यू रेकॉर्डिंग’, ‘न्यू स्टीरिओ रेकॉर्डिंग’. यातलं काहीही दिसलं की डबा शेल्फवर परत.

‘ॲज मेड फेमस बाय’ किंवा ‘इन द स्टाइल ऑफ’. म्हणजे मूळ कलावंत नाहीच, भाड्याचा गायक आहे. हे निदान प्रामाणिक तरी आहे.

सगळ्यात फसवा शब्द ‘ओरिजिनल आर्टिस्ट’. वाचून आपण खूश होतो. पण कलावंत मूळचा आहे एवढंच ते सांगतं, रेकॉर्डिंग मूळचं आहे असं नाही. मी याच शब्दावर गेलो होतो. हवं असतं ते ‘ओरिजिनल रेकॉर्डिंग’.

हे असं का होतं, तर हक्क दोन असतात. गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, यांचा हक्क एकाकडे, आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. मूळ रेकॉर्डिंग वापरायला कंपनी पैसे मागते. स्वस्त संग्रह काढणाऱ्याला ते परवडत नाहीत. दुसरीकडे करारातली बंदीची वर्षं संपली की गायक तेच गाणं स्वतः पुन्हा गाऊ शकतो, आणि त्या नव्या रेकॉर्डिंगची मालकी त्याच्याकडे किंवा ते काढून घेणाऱ्याकडे राहते. ते स्वस्तात मिळतं. ज्याला आयुष्यभराच्या हिट गाण्याचे धड पैसे कधी मिळाले नाहीत, त्याने असं केलं तर मी त्याला दोष देणार नाही. दोष वेष्टनावर १९८२चा फोटो छापणाऱ्याला.

मग गोलातलं ‘पी’ हे अक्षर बघा. ती रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण, आणि तिच्यापुढे वर्ष असतं. (गोलातलं ‘सी’ वेगळं, ते बहुतेकदा वेष्टन आणि मजकुराचं.) चांगल्या संग्रहात प्रत्येक गाण्यापुढे वेगवेगळं वर्ष आणि वेगवेगळी कंपनी दिसते: हे १९८१, ते १९८३, अमुकच्या परवान्याने. सगळ्या गाण्यांना मिळून एकच अलीकडचं वर्ष आणि कधी न ऐकलेली एकच कंपनी असेल, तर पाल चुकचुकायला हवी. फक्त नुसतं नवं वर्ष दिसलं म्हणून घाबरू नका. संग्रहाला स्वतःचं वर्ष असतं, रीमास्टर केल्यावरही, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने बसवल्यावरही, नवं वर्ष पडतं.

३. सेकंद मोजा

कंटाळवाणं काम, पण याने मला सगळ्यात जास्त वाचवलंय. डिस्कॉग्सवर मूळ सिंगलची (म्हणजे सुट्या विकलेल्या गाण्याच्या तबकडीची) लांबी बघा, संग्रहातली बघा, वजाबाकी करा. दोन-चार सेकंदांचा फरक सोडून द्या. वीस सेकंद कमी असतील तर गाणं लवकर विरवलंय. मिनिटभर गायब असेल तर मधलं काहीतरी कापलंय.

साधा हिशेब आहे. सीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटं मावतात. चार मिनिटांची बावीस गाणी म्हणजे ८८ मिनिटं. एका तबकडीवर बावीस गाणी दिसली की कात्री कुठे चालली ते शोधा. एलपीचं तर आणखी अवघड. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे गेलं की खाचा जवळजवळ आणि उथळ कराव्या लागतात. आवाज बारीक होतो, आणि पहिला बळी जातो खर्जाचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टीव्हीवर जाहिराती करून विकले जाणारे के-टेलचे संग्रह याबद्दल प्रसिद्धच होते: गाणी जास्त, प्रत्येक गाणं थोडं तोकडं.

कात्री भल्याभल्यांनीही चालवली आहे. न्यू ऑर्डरचा ‘सबस्टन्स’ (१९८७) हा या प्रकारातला माझा सगळ्यात आवडता संग्रह. सांगतात की बँडची कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स, तिच्या टोनी विल्सनला आपल्या नव्या गाडीतल्या सीडी प्लेअरवर बँडचे सगळे सिंगल ऐकायचे होते, त्यातून तो निघाला. बारा इंची रूपं एका जागी, वर्षांच्या क्रमाने. तरीही ‘द परफेक्ट किस’चा शेवट सीडीवर छाटलेला आहे. आणि ‘टेम्प्टेशन’ व ‘कन्फ्यूजन’ ही दोन गाणी त्या वर्षी नव्याने रेकॉर्ड करून घातली आहेत. १९८२चं ‘टेम्प्टेशन’ हवं असेल तर इथे मिळायचं नाही. मला ठाऊक असलेले अनेकजण १९८७चंच मूळ समजून वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि आता त्यांना पहिलं ऐकवलं तर कच्चं वाटतं. कानाची सवय, दुसरं काय.

४. एकाच बँडचा संग्रह: कुठून सुरू करावं

नवख्याने अनेक कलावंतांच्या डब्याऐवजी इथूनच सुरुवात करावी. बँडच्या मूळ कंपनीने काढलेल्या संग्रहात परक्याने पुन्हा गायलेलं काही निघण्याची भीती जवळजवळ नसते.

डेपेश मोडचा ‘द सिंगल्स ८१→८५’ डोळे मिटून घ्या. सिंगल क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे बाजारात खेळण्यांची गाडी घेऊन निघालेली पोरं चार वर्षांत कारखान्याच्या आवाजापर्यंत कशी गेली, ते कानाने कळतं. १९८५मध्ये अमेरिकेत मात्र ‘कॅचिंग अप विथ डेपेश मोड’ नावाचा वेगळा संग्रह निघाला, त्याची गाणी वेगळी. जुन्या मालात दोन्ही दिसतात, गोंधळू नका.

पेट शॉप बॉईजचा ‘डिस्कॉग्राफी’ (१९९१) हाही उत्तम: अठरा गाणी, सिंगलची रूपं. वर ‘संपूर्ण सिंगल’ असं म्हटलंय खरं, पण ‘हाउ कॅन यू एक्स्पेक्ट टू बी टेकन सीरिअसली?’ त्यात नाही. ‘कम्प्लीट’ या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी इथे शिकलो.

आता जिथे पाय घसरतो त्या जागा. न्यू ऑर्डरचाच १९९४चा ‘द बेस्ट ऑफ’. नाव बघून हाच घ्यावासा वाटतो. पण त्यातली ‘ट्रू फेथ’, ‘बिझार लव्ह ट्रँगल’ यांसारखी गाणी १९९४च्या नव्या रूपात आहेत. सॉफ्ट सेल आणि मार्क आमंड यांचा १९९१चा ‘मेमोराबिलिया’ तसाच: काही गाण्यांना आमंडने नव्याने आवाज दिलेला, वर त्याची एकट्याची गाणीही मिसळलेली. क्राफ्टवेर्कचा ‘द मिक्स’ (१९९१) दिसायला ‘बेस्ट ऑफ’ आहे, पण ती जुन्या गाण्यांची नव्याने केलेली डिजिटल बांधणी आहे. १९७४ला अल्बमची एक अख्खी बाजू व्यापणारं ‘आउटोबान’ तिथे साडेनऊ मिनिटांचं होतं. मला ‘द मिक्स’ आवडतो. पण तो चौथा-पाचवा अल्बम म्हणून घ्यावा. पहिलाच घेतला तर हे लोक एवढे गुळगुळीत कसे, असा प्रश्न पडेल.

ह्यूमन लीगसाठी माझा सल्ला उलटा आहे. संग्रह घेऊच नका, ‘डेअर’ (१९८१) हा मूळ अल्बम घ्या. दहा गाण्यांतले चार सिंगल, ‘डोन्ट यू वाँट मी’ धरून, आणि उरलेली गाणीही भरताड नाहीत. संग्रहात तुम्हाला ‘टुगेदर इन इलेक्ट्रिक ड्रीम्स’ जास्तीचं मिळतं, पण ते मुळात त्या बँडचं नाहीच. गायक फिलिप ओकी आणि जॉर्जिओ मोरोडर यांचं ते आहे.

व्हिन्स क्लार्कचा चाहता व्हायचं असेल तर खिसा सांभाळा. तो पहिल्या अल्बमनंतर डेपेश मोडमधून बाहेर पडला, मग ॲलिसन मॉयेबरोबर याझू, मग अँडी बेलबरोबर इरेजर. एका माणसासाठी तीन संग्रह.

५. अनेक कलावंतांचे डबे

तुम्ही तीन डबे घेतलेत तर तिन्हींत तीच वीस गाणी मिळतील. कारण आळस आणि अर्थशास्त्र दोन्ही. ओळखीची गाणी खपतात, आणि ज्या कंपन्या परवाना सहज देतात त्यांचीच गाणी सगळीकडे फिरतात. दुसरं म्हणजे, ‘सिंथ’ नाव लावून गिटारची रडगाणी भरलेली असतात. माझ्या त्या डब्याच्या तिसऱ्या सीडीवर सॅक्सोफोन इतका होता की शेजारच्यांनी लग्न आहे का विचारलं.

यावर उपाय एकच. डबा कोणी निवडलाय ते बघा. आत पुस्तिका आहे का, प्रत्येक गाण्यावर दोन ओळी आहेत का, निवडणाऱ्याचं नाव छापलंय का. नाव छापणारा माणूस सहसा कचरा भरत नाही. चेरी रेड या कंपनीचा ‘इलेक्ट्रिकल लँग्वेज’ (२०१९) हा चार सीडींचा संच १९७८ ते १९८४मधल्या ब्रिटनच्या छोट्या, स्वतंत्र कंपन्यांवरच्या सिंथ-पॉपचा आहे. आधीच सांगतो, यात हिट गाणी शोधाल तर वेगळ्याच तऱ्हेने निराश व्हाल. घरच्या टेप रेकॉर्डरवर केलेली, सुर्रर्र आवाज असलेली गाणी आहेत. पण पोरांनी एका स्वस्त सिंथसायझरवर काय काय केलं ते कळतं. अमेरिकी रेडिओवरचं, अधिक ओळखीचं हवं असेल तर ऱ्हायनो या कंपनीची ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ ही नव्वदच्या दशकातली पंधरा भागांची मालिका जुन्या बाजारात शोधा. सगळे भाग लागत नाहीत, दोन-तीन पुरतात.

आणि एक खास: ‘सम बिझार अल्बम’ (१९८१). हा मागे वळून केलेला संग्रह नाही. तेव्हा नाव नसलेल्या बँडना एकत्र करून काढलेला आहे. त्यात डेपेश मोड, सॉफ्ट सेल, ब्लँकमाँज आणि द द एकाच तबकडीवर आहेत. सगळी गाणी चांगली नाहीत, अर्ध्याअधिक बँडांची नावं पुढे कोणी घेतली नाहीत. तरी ज्याला संग्रह म्हणावं असं काही असेल तर ते हे.

६. रीमास्टर म्हणजे नेहमी सुधारलेलं नाही

नव्वदच्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात कापायची चढाओढ लागली. त्यासाठी मोठे आणि लहान आवाज दाबून एका पातळीवर आणतात. सिंथ-पॉपला हे फार लागतं, कारण याचा प्राण ड्रम मशीनच्या ठोक्यात आहे. ‘डेअर’वरच्या लिन एलएम-१ या ड्रम मशीनचा टाळीसारखा आवाज शांततेतून एकदम उसळतो. शांतताच वर उचलली तर उसळणार कुठून? दहा गाण्यांनंतर डोकं जड होतं आणि आपल्याला वाटतं, हे संगीतच थकवणारं आहे.

ऑडॅसिटीत गाणं उघडा. ठोक्यांची टोकं वरखाली वेगळी दिसली तर ठीक. सगळं मिळून एक सलग वीट दिसली तर जुनी आवृत्ती शोधा. ऐकून तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर मोठं ते चांगलं वाटतंच. माझं मत: ऐंशीच्या दशकातल्या सीडी जुन्या बाजारात अनेकदा स्वस्त मिळतात आणि कानाला बऱ्या लागतात. नेहमीच नाही, काही अगदी पातळही आहेत.

७. घेणार कुठून

मुंबईतलं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, आणि दुकानात उभं राहून मागचं कव्हर निवांत वाचायची सोय आपल्याकडे फारशी उरली नाही. चोर बाजारात तबकड्या मिळतात, पण तिथे नशीब आणि सकाळ दोन्ही लागतं. बहुतेकांना परदेशातून मागवावं लागतं. त्यासाठी:

- विक्रेत्याकडून मागच्या कव्हरचा आणि सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो मागा. तो क्रमांक डिस्कॉग्सवरच्या नोंदीशी जुळवला की आवृत्ती पक्की होते. ‘फोटो नाही’ म्हणाला तर सोडून द्या.
- प्लॅस्टिकची डबी नको, फक्त सीडी आणि पुस्तिका पाठवा असं विचारा. वजन घटतं, आणि डबी वाटेत फुटतेच.
- टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत मोजा. माझं एक पार्सल सीडीच्या दुप्पट खर्चाला पडलं होतं.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर पैसे जात नाहीत, पण फसगत तीच. गाणं शोधल्यावर वर येणारं पहिलं नाव मूळच असेल असं नाही. अल्बमच्या तळाशी गोलातलं ‘पी’ आणि वर्ष तिथेही असतं, ते बघा. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सेटिंग बंद करा, नाहीतर बारा इंची रूपांच्या शेवटाचा चुथडा होतो.

८. शेवटी स्वतःचा संग्रह

वर्षभर हे केलंत की वहीत यादी तयार असेल: कुठलं गाणं, कुठलं रूप, किती सेकंद, कुठल्या तबकडीवरून. आता ८० मिनिटांची मर्यादा घालून स्वतःचा ‘बेस्ट ऑफ’ लावा. मर्यादा घालाच. स्ट्रीमिंगवर ती नसते, म्हणून तिथल्या याद्या चारशे गाण्यांच्या होतात आणि कोणी ऐकत नाही.

माझ्या यादीत एक पाहुणा आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंड कंपनीची यंत्रं, म्हणजे टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ व ज्युपिटर-८ हे सिंथसायझर, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी खपली नाही, आणि २०१०मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर तिची चर्चा झाली. ते सिंथ-पॉप नाही, गायन तर नाहीच. पण ‘ब्लू मंडे’नंतर त्यातला भैरव लावून बघा. मी तो आधी पाचव्या क्रमांकावर ठेवला होता, आता नवव्यावर आहे, आणि त्याच्या पायी ‘वेस्ट एंड गर्ल्स’ चाळीस सेकंदांनी बाहेर राहतंय. कापणार तर नाहीच. दुसरं काहीतरी काढावं लागेल.